नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर: कोर्सची फी भरायच्या आधी हे उघडून बघाच

5 पैकी साडेतीन स्टार. दहावी-बारावीच्या पोरांच्या आईबाबांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण पुण्यात आता गल्लोगल्ली स्किल सेंटर झालीत आणि प्रत्येकाच्या फ्लेक्सवर 'सरकारमान्य, एनएसक्यूएफ लेव्हल 4' असं असतंच (एनएसक्यूएफ म्हणजे कोर्सना लेव्हल ठरवून देणारी देशाची चौकट). ते खरं की खोटं हे घरबसल्या तपासायची जागा म्हणजे हे रजिस्टर. कौशल्य शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीव्हीईटी या संस्थेचं आहे, फुकट आहे.

कोर्सचं नाव किंवा कोड टाकायचा. हेल्थकेअरचे कोड एचएसएस, गाड्यांचे एएससी, ब्युटीचे बीडब्ल्यूएस असे सुरू होतात. मग लेव्हल, तास, सर्टिफिकेट कोण देणार आणि मंजुरी कधीपर्यंत आहे ते दिसतं. मंजुरीची तारीख सगळ्यात आधी बघा, बाकीचं नंतर.

मी भाचीसाठी बघत होते. तिच्या मनात तीन कोर्स होते: आयटीआय इलेक्ट्रिशियन, हॉस्पिटलमधला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणजे जीडीए, आणि ब्युटी थेरपिस्ट. तिन्हीला लेव्हल 4! ताई म्हणाली मग काय, जो लवकर संपतो तो कर. पण खरी मेख तिथेच आहे. इलेक्ट्रिशियन 2 वर्षांचा, वर्षाला 1200 तास, आणि 30 तासांना 1 क्रेडिट (शिकण्याच्या तासांचं माप) या हिशोबाने 80 क्रेडिट होतात, जीडीए काही महिन्यांत उरकतो. लेव्हल म्हणजे काम किती अवघड आणि जबाबदारी किती एवढंच, शिकण्यात किती वेळ गेला ते त्यात येत नाही. त्यामुळे दोन सेक्टरची तुलना करताना तासांचा रकाना बघा, लेव्हलचा आकडा बाजूला ठेवा.

आणि जुनी सर्टिफिकेट बघून घाबरू नका. 2013 ला एनएसक्यूएफ आलं तेव्हा 10 लेव्हल होत्या, 2023 च्या बदलात 8 झाल्या, मध्ये साडेतीन-साडेचार अशा अर्ध्या पायऱ्याही आल्या. आधी लेव्हल 5 असलेला इलेक्ट्रिशियन आता 4 वर दिसतो, म्हणून काय त्याची किंमत कमी झाली नाही.

दीड स्टार कुठे कापला सांगते. एक तर क्वालिफिकेशन फाइल, म्हणजे कोर्सची सगळी माहिती असलेली फाइल, इंग्रजीत, आणि तीही अशी की शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावी लागते. दुसरं जास्त महत्त्वाचं, त्या सर्टिफिकेटवर पुढे कायद्याने काय करता येतं ते नीट कळत नाही. सिंहगड रोडवरच्या एका सेंटरमध्ये काउंटरवरच्या मॅडम जीडीएला सरळ 'नर्सिंग कोर्स' म्हणत होत्या, कोड विचारला तर एचएसएस/क्यू5101. म्हणजे पेशंटची अंघोळ, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन. फार मोलाचं काम आहे ते, माझ्या सासूबाईंचं एका जीडीए मुलीने इतकं मायेने केलं की विसरणं शक्य नाही. पण नर्स व्हायचं तर एएनएमचा 2 वर्षांचा नाहीतर जीएनएमचा 3 वर्षांचा नर्सिंग कोर्स, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. जीडीएवर ती होत नाही. हे फी घ्यायच्या आधी सांगायला नको का पोरींना?

इलेक्ट्रिशियनचंही तसंच, स्वतः वायरिंगची कामं घ्यायची तर राज्याचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा परवाना लागतो, नुसतं आयटीआयचं सर्टिफिकेट पुरत नाही. ब्युटीत असं काही नाही, पार्लरवाल्या दोन थ्रेडिंग करून दाखव म्हणतात आणि हात बघून ठेवतात. गाड्यांच्या लाइनला चाकण-भोसरीच्या कंपन्यांत अप्रेंटिसशिप केलीये का हे आधी विचारतात, तेव्हा आयटीआय मोटर मेकॅनिकनंतर अप्रेंटिसशिपचं नॅशनल सर्टिफिकेट मिळवलं तर ते खूप कामाला येतं.

फाइलमध्ये पुढे कुठे जाता येतं, प्रोग्रेशन, असा एक भाग असतो, तो मात्र आवर्जून वाचा. भाचीने शेवटी इलेक्ट्रिशियन धरलं. दहावीनंतरचा 2 वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, हे कळल्यावर ताईचाही विरोध गेला. प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये औंध आयटीआय पहिलं टाकलंय.