घरी पीसीबी काढणं की बाहेरून करून घेणं, एक पावसाळा काढल्यानंतरचं मत

सांगलीत माझं मोटरचे ऑटो स्विच बनवायचं छोटं काम आहे, लाईट आली की विहिरीवरची मोटर आपोआप चालू करणारे. आधी सगळे बोर्ड (पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांनी म्हणजे ट्रॅकनी पार्ट जोडणारी पाटी) घरीच काढायचो. यंदा पावसाळ्याआधी काही घरचे आणि काही बाहेरून करून घेतलेले बसवले, दोन्ही शेतात राहिले, आता लिहितोय.

घरचं काम म्हणजे ग्लॉसी पेपरवर लेझर प्रिंट, तो कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) ठेवून इस्त्री, मग फेरिक क्लोराईड, म्हणजे छापलेला भाग सोडून बाकीचं तांबं खाणारं द्रावण. इंकजेट चालत नाही, कारण लेझरची पूड म्हणजे टोनर हे प्लास्टिक असतं ते वितळून तांब्याला चिकटतं. ट्रे प्लास्टिकचाच घ्या, धातूचं भांडं खाऊन टाकतं. द्रावण कोमट ठेवून हलवत राहिलात तर तांबं पटापट जातं, गार द्रावणात तासभर ठेवून दिलात की ट्रॅकच्या कडा कुरतडतात. बोर्ड धुतला की ट्यूबलाईटसमोर धरून आरपार बघायचं, ट्रॅकला केसाएवढी चीर असली तरी उजेड दिसतो. 0.5 मिमीचा ट्रॅक नीट येतो, 0.3 चा भरवसा नाही. आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका प्लीज, त्यात तांबं असतं, धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून गाळ खाली बसवा आणि तो वेगळा ठेवा.

खरा फरक पावसाळ्यात कळला. कृष्णाकाठच्या पंपघरात भिंतीसुद्धा ओल्या असतात. घरच्या बोर्डांना वरून लॅकर मारलेलं होतं तरी पॅडजवळ (पार्टचा पाय सोल्डर करायची तांब्याची टिकली) हिरवट थर आला, आणि माझ्या सर्किटमध्ये फेज बघायला मोठ्या व्हॅल्यूचे रेझिस्टर आहेत त्यामुळे पॅडमधून जरा जरी करंट गळला तरी नसलेली फेज आहे असं सर्किटला वाटतं. मोटर तीन फेजची, ती दोन फेजवर चालू झाली तर वाइंडिंग जळतं, आणि ऐन हंगामात मोटर जळणं म्हणजे काय हे शेतकऱ्यालाच विचारा. बाहेरच्या बोर्डांवर सोल्डर मास्क (ट्रॅक झाकणारा रंगासारखा थर) होता, ट्रॅक जसेच्या तसे.

दुसरं म्हणजे होल. बाहेरच्या डबल साईड बोर्डाला होलच्या आतून तांब्याचा मुलामा असतो. शेतात वायर बदलताना कनेक्टरचा स्क्रू पिळून आवळतात, त्यात घरच्या एकाच बाजूच्या बोर्डाचा पॅड सुटून वर येतो, बाहेरच्याचा एकही आला नाही.

पैशाचं म्हणाल तर चीनहून मागवताना बोर्ड स्वस्त पडतो पण कुरिअर आणि कस्टम जोडून हिशेब करा. बऱ्याच ठिकाणी किमान 5 नग घ्यावे लागतात. मुख्य म्हणजे थांबावं लागतं, म्हणून जर्बर फाईल (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायची डिझाईनची फाईल) पाठवायच्या आधी लेआउट साध्या कागदावर खऱ्या मापात छापून त्यावर पार्ट टोचून बघतो. मेन्सचा एक्स2 कपॅसिटर (थेट लाईटच्या लाईनवर चालणारा) कधी पायांत 15 मिमी अंतराचा मिळतो कधी 22.5 चा, म्हणून दोन्हीचे होल देतो. 415 व्होल्टच्या ट्रॅकमध्ये 6 मिमी अंतर सोडतो आणि मधे स्लॉट (बोर्डात आरपार कापलेली फट) मागतो, घरी असला स्लॉट सरळ कापणं लई अवघड.

त्यामुळे शेतात जाणारा प्रत्येक बोर्ड आता बाहेरूनच. इस्त्री मात्र ठेवलीये, कारण कुपवाड एमआयडीसीतून कुणी जुन्या मशीनचा जळका कार्ड घेऊन येतो, एकच नग हवा असतो आणि मशीन बंद पडलेलं असतं, तो सकाळी आला तर संध्याकाळी बोर्ड हातात देता येतो.