महिला शेतकरी ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे मागितले तर आधी हे वाचा

आमच्या औसा तालुक्यात बचत गटातल्या बायांना "महिला शेतकरी उद्योजक ट्रेनिंग" म्हणून लुटलंय. सोयाबीन विकून हातात जरा पैसा आला तेव्हाच नेमके दोघं जण गाडी घेऊन आले, गळ्यात आयकार्ड, मागं योजनेचं बॅनर, समाजमंदिरात मीटिंग. म्हणले तूर घरची आहे, मिनी डाळ मिल टाका, ट्रेनिंग सर्टिफिकेट आम्ही देतो आणि दहा लाख सबसिडी थेट खात्यात. फी एका बाईला साडेतीन हजार, उद्यम नोंदणीचे (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) पंधराशे वेगळे. ट्रेनिंग म्हणजे एक दिवस मोबाईलवर व्हिडिओ, बाकी काही नाही. एका मावशीनं गटातून कर्ज उचलून पैसे भरले, खुरपायला जाऊन त्याचे हप्ते फेडतेय ती, मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. दोघांचे फोन बंद आहेत.

नंतर मी कृषी ऑफिसात आणि बँकेत जाऊन सगळं विचारून आले. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत सबसिडी खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, म्हणजे पूर्ण दहा लाख मिळायला प्रकल्पच साडेअठ्ठावीस लाखाच्या वर लागतो, छोट्या डाळ मिलला ते कुठून मिळणार. आणि आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं, निदान 10 टक्के आपले घालावे लागतात, सबसिडी बँकेतच तीन वर्षं अडकून राहते, हातात रोख येतच नाही. फॉर्म भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, त्यांचे पैसे सरकार देतं. उद्यम नोंदणी तर पूर्ण फुकट आहे! छोट्या उद्योगाची अन्न नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते. खरंच शिकायचं असेल तर आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रात, राहण्याजेवणासकट फुकट शिकवतात, आपल्या उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) ताईला विचारा.

अजून एक, त्यांनी आधार, पासबुकच्या झेरॉक्स आणि कोऱ्या कागदावर सह्या घेतल्यात. त्यामुळं आमच्या बाया आता बँकेत जाऊन नावावर भलतं कर्ज निघालंय का ते बघतायत, तुमच्याकडं असं झालं असेल तर तुम्ही पण बघा.

फोनपेवर ज्यांनी पैसे दिले त्यांनी 1930 ला (ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला) तक्रार केली. रोख देणाऱ्यांची पावतीच नाही, म्हणून मीटिंगचे फोटो जोडून पोलीस ठाण्यात सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. हेच दोघं शेजारच्या गावांत पण फिरलेत असं कळलं, तिथल्या बायांनी पण आपल्या ठाण्यात अर्ज द्या, एकट्यानं जाऊ नका, गटानं जा.