शंकरनगरातील फ्रेंच व्याकरणवर्ग: ‘कोंदिस्योनेल पासे’ मराठीच्या वाटेने

नागपूरच्या शंकरनगर चौकातील मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका घराच्या पहिल्या मजल्यावर शनिवार-रविवारी फ्रेंच व्याकरणाचा एक छोटा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या मॅडम जाहिरात करत नाहीत आणि आपले नाव कुठे छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही. सगळी भाषा पहिल्यापासून शिकवण्याऐवजी त्या एकेका अवघड काळासाठी स्वतंत्र तुकडी घेतात. त्यांपैकी ‘कोंदिस्योनेल पासे’ची, म्हणजे ‘आलो असतो’, ‘केले असते’ या अर्थाच्या क्रियारूपांची तुकडी मी नुकतीच पूर्ण केली. शहराजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात २०१७ साली दसॉ ही फ्रेंच विमान कंपनी आणि रिलायन्स यांच्या विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी झाली. त्या निमित्ताने फ्रेंच शिकू पाहणारे काही जण, डेल्फ या फ्रेंच प्रमाणपत्राची बी-२ पातळीची परीक्षा देणारे विद्यार्थी आणि कॅनडाला जाण्याच्या तयारीत असलेली जोडपी असा मिश्र वर्ग होता.

या काळाची घडण सांगायला फार वेळ लागत नाही आणि मॅडमही तिच्यावर वेळ घालवत नाहीत. ‘आव्हुआर’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाचे कोंदिस्योनेल प्रेझाँमधील, म्हणजे साध्या संकेतार्थातील, रूप घ्यायचे आणि त्यानंतर मुख्य क्रियापदाचे पार्तिसिप पासे, म्हणजे भूतकालवाचक धातुसाधित, ठेवायचे. ‘झोरॅ पार्ले’ म्हणजे मी बोलले असते, ‘झ सरॅ व्हन्यू’ म्हणजे मी आले असते. साहाय्यकाचा मूळ भाग भविष्यकाळाचा आणि प्रत्यय अँपार्फेचे (अपूर्ण भूतकाळाचे), एवढे लक्षात ठेवले की सहाही पुरुष-वचनांची रूपे तयार होतात. नकार द्यायचा असेल तर ‘न’ आणि ‘पा’ साहाय्यकाच्या अलीकडे-पलीकडे बसतात, मुख्य क्रियापदाला स्पर्श करत नाहीत. इथपर्यंतचा भाग कोणत्याही पुस्तकात मिळतो, आणि तेवढ्यासाठी फी भरण्याचे कारण नाही.

खरा मोल असलेला भाग त्यानंतर सुरू होतो. मराठी माणूस या काळात नेमका कुठे अडखळतो आणि कुठे त्याला मराठीचाच आधार मिळतो, याचा मॅडमनी बारकाईने विचार केला आहे. ‘मी मेट्रोने गेले असते, तर वेळेवर पोहोचले असते’ या वाक्यात मराठी दोन्ही अंगांना ‘असते’ लावते. फ्रेंच तसे करत नाही. ‘सी’ने, म्हणजे ‘जर’ने, सुरू होणाऱ्या अंगात प्ल्यू-क-पार्फे (‘गेले होते’सारखा पूर्ण भूतकाळ) येते आणि फक्त दुसऱ्या अंगात कोंदिस्योनेल: ‘सी झाव्हॅ प्री ल मेत्रो, झ सरॅ आरिव्हे आ लर’. मराठीतून विचार करणारा विद्यार्थी सवयीने पहिल्या अंगातही ‘झोरॅ प्री’ म्हणून मोकळा होतो, आणि परीक्षक ते वाचताच थांबतो. अशीच गल्लत खुद्द फ्रान्समधली लहान मुलेही करतात. म्हणून तिथे शाळेत ‘ले सी नेम पा ले रॅ’, म्हणजे ‘सी’ला ‘रॅ’ (कोंदिस्योनेलचे शेवट) आवडत नाहीत, हे वाक्य पाठ करून घेतात. मॅडमनी ते फळ्यावर कायमचे लिहून ठेवले आहे. पण त्यावर न थांबता त्या मराठी वाक्य देतात, त्यातील ‘जर’च्या अंगातले ‘असते’ खोडायला लावतात आणि त्याजागी ‘होते’ लिहायला लावतात. ‘जर मी मेट्रोने गेले होते, तर वेळेवर पोहोचले असते’ हे वाक्य मराठी कानाला बोचते. ते बोचल्यामुळेच फ्रेंचचा सांगाडा डोक्यात पक्का बसतो. हा सराव मला इतरत्र कुठेही मिळाला नव्हता.

साहाय्यक कोणते निवडायचे, हा दुसरा कळीचा प्रश्न. यासाठी मॅडम ‘ने’ची कसोटी देतात. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागत असेल तर बहुधा ‘आव्हुआर’, लागत नसेल तर ‘एत्र’ असण्याची शक्यता तपासा. ‘ती खाली उतरली असती’ हे ‘एल सरॅ देसाँद्यू’, पण ‘तिने बॅग खाली उतरवली असती’ हे ‘एल ओरॅ देसाँद्यू ला व्हालीझ’. एकच फ्रेंच क्रियापद कर्म आले की साहाय्यक बदलते, ही गोष्ट इंग्रजीतून शिकताना शब्दबंबाळ वाटते. मराठीत ‘उतरली’ आणि ‘उतरवली’ शेजारी ठेवताच ती डोळ्यांसमोर उभी राहते. ‘मोंते’, ‘सोर्तीर’, ‘राँत्रे’, ‘पासे’ यांनाही हेच लागू पडते.

मात्र येथेच या वर्गाविषयीची माझी मुख्य तक्रार आहे. ही कसोटी सर्वत्र चालत नाही, आणि जिथे ती चालत नाही ते क्रियापद विद्यार्थ्याच्या तोंडी रोज येणारे असते. ‘तो धावला असता’, ‘तो झोपला असता’, ‘तो हसला असता’ या तिन्ही वाक्यांत ‘ने’ नाही, तरीही फ्रेंचमध्ये तिन्ही ठिकाणी ‘आव्हुआर’च येते: ‘इल ओरॅ कुर्यू’, ‘इल ओरॅ दोर्मी’, ‘इल ओरॅ री’. उलट ‘तिने हात धुतले असते’ यात ‘ने’ असूनही फ्रेंच वाक्य आत्मवाचक असल्यामुळे ‘एल स सरॅ लाव्हे ले मँ’ असे ‘एत्र’ घेऊन होते. हे अपवाद मॅडमना अर्थातच पूर्ण ठाऊक आहेत आणि पुढच्या आठवड्याच्या सरावपत्रिकेत ते आलेही. पण मधल्या काळात वर्गातल्या कित्येकांनी ‘इल सरॅ कुर्यू’ घोटून ठेवले होते. कसोटी आणि तिची मर्यादा एकाच दिवशी सांगितली गेली पाहिजे. ‘एत्र’ घेणाऱ्या क्रियापदांची यादी लहान आहे, ती पाठ करून घ्यावी आणि ‘ने’चा उपयोग फक्त कर्म आहे की नाही हे ओळखण्यापुरता ठेवावा, असे मला वाटते.

पार्तिसिपच्या लिंगवचनाचा भाग मात्र उत्तम झाला. ‘तो आला असता, ती आली असती, त्या आल्या असत्या’ हे बोलत मोठ्या झालेल्या माणसाला ‘एत्र’बरोबर कर्त्याप्रमाणे रूप बदलण्याचे काहीच नवल वाटत नाही. ‘आव्हुआर’बरोबर कर्म आधी आले तरच रूप कर्माप्रमाणे बदलते, हा नियम समजावताना मॅडमनी ‘तिने पत्रे लिहिली असती’ हे वाक्य घेतले. मराठीत क्रियापद कर्माकडे पाहते, कर्म कुठेही असो. फ्रेंचमध्ये ‘एल ओरॅ एक्री ले लेत्र’ असे म्हणताना कर्म मागून येते, म्हणून रूप बदलत नाही. पण ‘ले लेत्र केल ओरॅ एक्रीत’, म्हणजे ‘तिने लिहिली असती ती पत्रे’, यात कर्म आधी आल्यामुळे शेवटचा ‘त’ कानालाही ऐकू येतो.

वर्तमानपत्री वापरावर दिलेला एक तास मला सर्वांत मोलाचा वाटला. ‘ल मिनिस्त्र ओरॅ देमिस्योने’ हे वाक्य पाहून बहुतेकांनी ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’ असा अर्थ लावला. फ्रेंच बातमीदार हा काळ खात्री न झालेली बातमी देताना वापरतो. आपल्याकडच्या वर्तमानपत्राच्या भाषेत ते वाक्य ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’ असे होईल. मॅडमनी मराठी दैनिकांतील ‘समजते’, ‘कळते’, ‘सूत्रांनी सांगितले’ अशी कात्रणे आणली होती आणि आम्ही ती एकामागून एक फ्रेंचमध्ये नेली. पश्चात्तापाच्या वाक्यांसाठीही असाच वेळ हवा होता. ‘झोरॅ प्यू व्हनीर’ हे ‘मी येऊ शकले असते’शी सरळ जुळते, पण ‘झोरॅ द्यू व्हनीर’साठी मराठी ‘मी यायला हवे होते’ म्हणते, ‘असते’ म्हणत नाही, आणि उलट भाषांतर करताना विद्यार्थी हमखास दुसराच काळ निवडतो. हा मुद्दा दोन वाक्यांत उरकला गेला. ‘झूस एमे’सारखी दुसऱ्या प्रकारची साहित्यिक रूपे केवळ ओळखता यावीत म्हणून दाखवली, ते योग्यच.

श्रवणाची बाजू कमकुवत आहे. ‘झोरे’ हा भविष्यकाळ आणि ‘झोरॅ’ हे कोंदिस्योनेल यांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा, आणि तोही पुष्कळ फ्रेंच माणसे बोलताना पाळत नाहीत. मग संदर्भावरून ओळखण्याचा सराव लागतो. खोलीतला कूलर चालू असताना लहान स्पीकरवरच्या ध्वनिफितीतून तो फरक कोणालाच टिपता येत नव्हता, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा असे म्हणण्याची सोय नाही. हेडफोन दिले तरी प्रश्न सुटेल. श्रुतलेखनाबाबत मात्र मॅडम कडक आहेत आणि ते पटते: देवनागरीत उच्चार लिहून ठेवायला त्या मनाई करतात, कारण ‘ओरॅ’ असे एकदाच लिहिले की शेवटी ‘एस’, ‘टी’ की ‘ईएनटी’, हे तीन वेगळे लेखन एकाच आवाजात बुडून जाते. बी-२च्या लेखी भागात किमान २५० शब्दांचा युक्तिवादात्मक मजकूर लिहायचा असतो, आणि तिथे हा फरक थेट गुणांत दिसतो.

फी नेहमीच्या मासिक शिकवणीपेक्षा कमी आहे, पण ती सगळी आगाऊ द्यावी लागते आणि चुकलेला तास भरून मिळत नाही. सरावपत्रिका भरपूर आहेत. त्यांपैकी काही झेरॉक्स इतक्या फिक्या आहेत की ‘ए’वरची आघातचिन्हे दिसत नाहीत, आणि पार्तिसिप शिकवणाऱ्या पत्रिकेत तेच दिसायला हवे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. नाव नोंदवण्याआधी अनियमित पार्तिसिप पाठ असावेत: ‘प्राँद्र’चे ‘प्री’, ‘व्हिव्र’चे ‘व्हेक्यू’, ‘नेत्र’चे ‘ने’, ‘मुरीर’चे ‘मोर’. मॅडम ते वर्गात शिकवत नाहीत, पहिल्याच दिवशी विचारतात.