तीजेसाठी भाड्याचा बंजारा पोशाख : घेण्याआधी उलटा करून पाहा

सोलापुरात नवी पेठेच्या बाजूला एका दुकानात तीजेसाठी, म्हणजे बंजारा पोरींच्या श्रावणातल्या सणासाठी, बंजारा पोशाखाचा सेट भाड्याने मिळतो. भाडं दिवसाला ४०० रुपये, अनामत १,०००. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), टुकरी (ओढणी), ईंढोणी (घागरीखालची चुंबळ) आणि दागिन्यांचा डबा एवढं त्यात येतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाच मिनिटांच्या नाचाला चालेल. तांड्यावरच्या तीजेला चालत नाही.

श्रावणात पोरी टोपल्यांत पेरलेल्या गव्हाला रोज पाणी घालतात, टोपल्यांभोवती फेर धरतात, वाकून टाळ्या देत गातात. या सेटच्या फेटियाला कमरेत इलास्टिक आहे. चार वेळा वाकलं की घेराच्या वजनाने तो खाली सरकतो. इलास्टिक काढून जाड सुती नाडा ओवून घ्या. घेरही जेमतेम साडेतीन मीटर, म्हणून गिरकीत फुलण्याऐवजी पायांना गुंडाळतो. सहा मीटर तरी हवा, आणि काठ घोट्याच्या दोन बोटं वर.

सगळ्यात मोठा दोष आरशांचा. ते गोंदाने चिकटवलेत. घाम आणि पाणी लागलं की गळून पडतात, आणि पोरी अनवाणी नाचत असतात! हातकामात आरशाभोवती दोऱ्याचं कडं भरून तो जागेवर धरलेला असतो, धुतलं तरी हलत नाही. म्हणून कांचळी आधी उलटी करून पाहा. मागे टाके दिसले तर घ्या, नुसते गोंदाचे डाग दिसले तर परत द्या. लाल रंगही जातो. ओला पांढरा रुमाल घासला की लगेच कळतं.

ईंढोणी मात्र फार चांगली आहे. कवडी न् कवडी शिवलेली, भरली घागर ठेवली तरी दबत नाही.

दागिन्यांच्या डब्यात केसांत लटकवायची घुगरी आणि दंडावरचा चुडा आहे. हे दोन्ही लग्न झालेल्या बाईचे दागिने, आणि तीज तर कुमारिकांची. दुकानात सरसकट एकच डबा हातात देतात, हे खटकतं. पोरींच्या गळ्यात हांसली घाला, घुगरी आणि चुडा डब्यातच राहू द्या.

दरवर्षी लागणार असेल तर भाड्यापेक्षा शिवून घेणं बरं. सोलापुरात गणवेश शिवणारे कारागीर भरपूर आहेत, घेराचं सरळ शिवण ते नीट करतात. कांचळी आणि टुकरीचा घुंगटो, म्हणजे डोक्यावर येणारा भरतकामाचा पट्टा, मात्र तांड्यावरच्या जाणत्या याडीकडे (आईकडे) द्या, तेही उन्हाळ्यातच. आषाढात दिलं तर भरतकाम श्रावणापर्यंत होत नाही.