पुरण, श्रीखंड, नानखटाई: वेलदोडा की जायफळ?

गोडाच्या स्वयंपाकासाठी दोहोंपैकी एकच घ्यायचे असेल, तर बहुतेकजण वेलदोडा सुचवतील. दुधाच्या पदार्थांपुरते ते मलाही मान्य आहे. पुरणपोळीसाठी मात्र मी जायफळच निवडेन. हरभऱ्याची डाळ आणि गूळ यांच्या जड, मातकट गोडीत वेलदोडा हरवतो, तर जायफळाचा किंचित तिखट दरवळ तिच्यात मिसळूनही वेगळा कळतो. अर्धा किलो डाळीच्या पुरणाला पाव जायफळ पुरते आणि ते पुरण शिजून गॅस बंद केल्यावर, बारीक किसणीवर किसून घालावे. प्रमाण वाढले की कडवटपणा येतो. शिवाय एका वेळी 5 ग्रॅम किंवा त्याहून अधिक जायफळ एकाच माणसाच्या पोटात गेल्यास मळमळ, धडधड आणि भ्रमही होऊ शकतो, म्हणून येथे हात आखडताच हवा.

वेलदोड्यात निलगिरीच्या तेलातही असणारे सिनिओल असते. त्याच्या वासातला थंडावा त्यामुळेच येतो आणि श्रीखंड, बासुंदी, खीर यांत तो फार शोभतो. श्रीखंडात केशर असेल, तर मी जायफळ घालत नाही, कारण ते केशराला झाकून टाकते.

भट्टीच्या पदार्थांत माझा कौल स्पष्टपणे वेलदोड्याला आहे, पण तयार पुडीला नाही. स्वीडनमध्ये वेलदोड्याचे गोड बन करताना दाणे भरडच कुटतात. नानखटाईतही तसेच करून पाहावे. भरड दाणा भाजताना आपला वास पुडीइतक्या लवकर सोडत नाही आणि खाताना दाताखाली आला की तो एकदम मोकळा होतो. जायफळ शोभते ते गाजराच्या किंवा भोपळ्याच्या केकमध्ये, तसेच तिखटामिठाच्या पदार्थांपैकी व्हाइट सॉसमध्ये, तेही चिमूटभरच.

वेलदोडा महाग असल्याने खरेदी जपून करावी: बोंड हिरवे व घट्ट मिटलेले, आतले दाणे काळपट आणि किंचित चिकट हवेत, दाणे कोरडे व फिकट असतील, तर माल जुना आहे. टरफले चहाच्या डब्यात टाकावीत. जायफळ हाताला जड लागावे आणि त्याला किडीचे भोक नसावे. अख्खे जायफळ हवाबंद बरणीत वर्षानुवर्षे टिकते. घरात गोडधोड क्वचितच होत असेल, तर केवळ या एका कारणासाठीही मी आधी जायफळ आणायला सांगेन. वेलदोडे मग लागतील तसे दहा-वीस ग्रॅमच आणावेत.