जामीन: मित्राचा जीव की सोन्याच्या विटा?
प्राचीन कथेत सिराक्यूज या ग्रीक नगरराज्याचा हुकूमशहा डायोनिसियस फिंतियासला मृत्युदंड देतो. घरची निरवानिरव करायला त्याला सवलत मिळते, कारण त्याचा मित्र डेमन जामीन राहतो: फिंतियास परतला नाही, तर डेमनचा जीव जाणार. फिंतियास परततो आणि दोघेही सुटतात.

१९९१ मध्ये भारताकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून अंदाजे ४० कोटी डॉलर उभे केले. सोनं विमानाने परदेशी पाठवावं लागलं, कारण धनकोला नुसता शब्द पुरत नव्हता.

डेमन मेला असता तरी राजाची वसुली शून्य; त्याची हमी थोर ठरते ती म्हणूनच. सोनं मात्र थकबाकी होताच विकता येतं.