मास्कमधील पाण्याची भीती आणि ‘पॅडी’चा ओपन वॉटर अभ्यासक्रम

तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून होणाऱ्या छोट्या स्कूबा सफरीत डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये पाणी शिरले की अनेक जण घाबरून वर नेण्याची खूण करतात, कारण नाक ओले होताच श्वास नकळत नाकाने ओढला जातो आणि ठसका लागतो. ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा ओपन वॉटर हा नवशिक्यांचा अभ्यासक्रम या भीतीवर उथळ पाण्यातच पायरीपायरीने उपाय करतो, ही मला त्याची सर्वांत जमेची बाजू वाटते. आधी मास्क थोडा भरायचा, मग पूर्ण, आणि पुढे तो काढून किमान एक मिनिट केवळ रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा तोंडाशी आणणाऱ्या उपकरणातून) तोंडाने श्वास घ्यायचा. मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, नजर वर नेत नाकाने सावकाश उच्छ्वास सोडला की पाणी खालच्या कडेने निघून जाते. (मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडे झिरपणारच, ते गृहीत धरावे.) घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र नेमून दिलेला सराव अपुरा पडू शकतो, म्हणून जलतरण तलावातील जादा सत्राची चौकशी नोंदणीपूर्वीच करावी. शक्यतो कमी घनफळाचा, म्हणजे आतली पोकळी लहान असलेला, मास्क मागून घ्यावा, कारण तो एका उच्छ्वासात रिकामा करता येतो.